नांदेड–लातूर, हवाई मार्गे

दहावीला मला बरे मार्क पडले आणि आमच्या गल्लीत जो तो एकच शब्द बोलायला लागला : लातूर. नांदेडात कॉलेजं नव्हती असं नाही. पण त्या वर्षांत हुशार मूल नांदेडातच ठेवलं, तर लोक आईबापांकडे असे बघायचे, जणू घरात औषध असून यांनी पाजलं नाही.

माझे वडील रेल्वे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसायचे. गावाचं नाव ऐकलं की त्यांना आधी अंतर आठवायचं. पाहुणे आले आणि 'आम्ही मुदखेडचे' म्हणाले, की बाबा पहिल्यांदा किलोमीटर सांगायचे, मग पाणी विचारायचे. लातूर मात्र त्यांना छळायचं. रेल्वेनं जायचं तर परभणी, परळी असा मोठा वळसा, गाडी बदला, ताटकळत बसा. एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत चार तास. बाबांना दोन्ही पटत नव्हतं. "हे रस्त्याचं अंतर झालं. लातूरचं नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या मते खरं अंतर एकच, सरळ रेषेतलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर माझी शाळेची पट्टी ठेवली, कोपऱ्यातलं प्रमाण भिंगातून वाचलं आणि एकशे दहा किलोमीटरच्या आसपास असा आकडा काढला. त्यातला 'आसपास' त्यांना बरेच दिवस डाचत राहिला.

आईची हरकत वेगळी होती. भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्या पहाटे आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली होती, तेवढंच. पण आईच्या डोक्यात लातूर म्हणजे हलणारी जमीन, हे पक्कं बसलं होतं.

"लोकं तिथली घरं सोडून पळाले, आन तुम्ही पोरीसाठी तिथं खोली बघून राहिलात," ती म्हणाली.

शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. मी पोचल्याचं त्याच दिवशी तिला कळलं पाहिजे. आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एक औषधाचं दुकान होतं, तिथं होता. पण दुकानदार दुपारभर शटर ओढून झोपायचा, आणि निरोप सांगायचा तो त्याच्या सवडीनं. एका घराला त्यानं लग्नाचा निरोप लग्न लागल्यावर सांगितला होता.

आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. त्यांच्या चार पिढ्या त्याच घरात झाल्या होत्या. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर गच्चीवर कबुतरं. दिवसभर बारीक चाकं बघून डोळे थकतात म्हणून आपण आभाळात बघायचा छंद लावून घेतला, असं ते सांगायचे. आईची अट भिंतीपलीकडून त्यांनी ऐकली आणि संध्याकाळी येऊन बसले.

"भाभी, फोन कशाला पायजे? बेटीसंगं माझी कबुतरी देतो. लातूरला पोचली की सोडायची. घंटा-दीड घंट्यात छतावर हाजिर."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "घंटा का दीड घंटा?"

"बाबूसाब, परिंदा हाय तो. पॅसेंजर गाडी न्हाई."

"पण वेग किती असंल?"

"मूड असला तर लई."

बाबांना एवढ्यावर झोप येणं शक्य नव्हतं. वेळ नेमका कळला तर वेगावरून अंतर काढता येईल, म्हणजे तो 'आसपास' कायमचा जाईल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी रेल्वेच्या एका फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला कबुतरीचं वेळापत्रक तयार केलं. लातूर सुटणे तेरा शून्य शून्य. चाकूर तेरा पंचवीस. अहमदपूर तेरा पन्नास. लोहा चौदा वीस. नांदेड आगमन चौदा चाळीस.

चाचांनी ते वाचलं. "चाकूरला थांबणार हाय का ही?"

"थांबणार न्हाई. पार होणार."

"मंग ठीक."

याआधी ती किती लांबून परत आली आहे, असं बाबांनी विचारलं. चाचा छताकडे बघत म्हणाले, मुदखेडहून. बाबांनी मुदखेडचं अंतर सांगितलं. चाचा म्हणाले, "रस्ता तिच्या डोक्यात हाय, बाबूसाब. मुदखेड काय आन मुंबई काय."

चिठ्ठी बांधायची नाही, ओझं होतं, असं ठरलं. डाव्या पायाला पांढरा दोरा बांधून सोडायची. दोरा दिसला म्हणजे पोरगी सुखरूप.

"आन बरं नसलं तर?" आईनं विचारलं.

"मंग सोडायचीच न्हाई," चाचा म्हणाले.

त्या वेळी हे सगळ्यांनाच सोपं आणि शहाणपणाचं वाटलं.

खोली आणि प्रवेश बाबा आधीच करून आले होते. राहायला जायच्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही. इस्लापूरची एक मुलगी त्याच खोलीत माझ्याबरोबर राहणार होती. ती आणि तिचे वडील नांदेडहूनच एसटी पकडणार होते, त्यांच्याबरोबर मी निघाले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात वेताची झाकणाची टोपली. टोपलीत राखी रंगाची, मानेवर हिरवी झाक असलेली कबुतरी, आणि मूठभर ज्वारी.

लोह्याच्या पुढं कंडक्टर आमच्यापाशी आला आणि टोपली गुटरगूं करायला लागली.

"कोंबडी हाय का?"

"कबुतर आहे."

कंडक्टरनं मैत्रिणीच्या वडिलांकडे बघितलं. ते शेतकरी माणूस, मोजकं बोलणारे. "माझं न्हाई ते," एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

कोंबडीचं काय करायचं हे कंडक्टरला माहीत होतं. कबुतराचं माहीत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "सोडून द्या की बाहीर. उडत यील संगं."

"ते लातूरला नाही येणार," मी सांगितलं. "सोडलं की नांदेडला जाईल. घर तिकडं आहे त्याचं."

"मग लातूरला कशाला नेऊन राहिली त्याला?"

"तिथून नांदेडला यायला."

कंडक्टरनं यावर बराच विचार केला. "म्हंजे हे रिटर्न हाय," तो म्हणाला, आणि तिकीट न फाडता पुढं गेला. अहमदपूर येईपर्यंत सगळ्या गाडीला माझी गोष्ट कळली होती. खाली उतरणारी एक बाई टोपलीला हात लावून पाया पडून गेली, का ते तिलाच ठाऊक.

लातुरात तेव्हा विजेच्या खांबाखांबावर क्लासच्या पाट्या होत्या आणि दर दुसऱ्या फाटकावर 'मुलींसाठी रूम' असं खडूनं लिहिलेलं. आमची मालकीण पन्नाशीची, ठेंगणी बाई होती. आम्ही तिला काकू म्हणायचो. बाबा खोली बघायला गेले तेव्हा तिनं आधी माझे मार्क विचारले होते, मग आडनाव. घर पक्कं, स्लॅबचं, तीन खोल्यांचं. त्या तिन्ही खोल्या तिनं मुलींना दिल्या होत्या आणि ती स्वतः नवऱ्यासह अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. भूकंपापासून ती एकदाही स्लॅबखाली झोपली नव्हती.

"काकू, मग आम्ही कसं झोपायचं स्लॅबखाली?" मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुमचं पळायचं वय हाय," काकू म्हणाली. "आमचे गुडघे गेले."

मी वळकटी टाकली, हातपाय धुतले आणि टोपली घेऊन अंगणात आले. एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. बाबांच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी वेळेवर होती. मी कबुतरीच्या पायाला दोरा बांधत होते, तेवढ्यात काकू शेडमधून बाहेर आली.

"काय करून राहिली?"

मी सांगितलं. काकूनं माझ्या हातातून कबुतरी अलगद काढून घेतली, सराईतपणे, दोन्ही पंख दाबून.

"हिला सोडायची न्हाई."

शेडच्या बाजूला जाळीचं एक रिकामं खुराडं होतं. काकूनं तिला त्यात ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. काकूचं माहेर औशाच्या पलीकडे होतं. तिथं तिच्या भावाचं घर पडलं होतं, आणि घरातली सगळी माणसं बाहेर आली नव्हती. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. फक्त वाचलेल्या भावजयीनं तिला सांगितलं होतं की त्या रात्री पाखरं झोपली नव्हती, झाडावर सारखी फडफडत होती. त्या दिवसापासून काकूला घरात एक पाखरू हवं होतं. कोंबड्या तिला चालत नव्हत्या. त्या कशालाही ओरडतात, असं तिचं म्हणणं.

मी सोळा वर्षांची, नव्या गावात, नव्या मालकिणीपुढं. मैत्रिणीचे वडील आम्हाला फाटकाशी सोडून केव्हाच परतले होते. संध्याकाळी एसटीडी बूथवरून औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "सांगतो." त्यानं तो निरोप तिसऱ्या दिवशी सांगितला.

तिकडं आमच्या गल्लीत काय झालं ते मला नंतर कळलं. दोन चाळीसला चाचा घड्याळ घेऊन गच्चीवर. बाबा ड्यूटी बदलून घेऊन रजिस्टरसह गच्चीवर. आई जिन्यात. तीन वाजले, चार वाजले, आणि मग आईला ते शहाणपणाचं वाक्य आठवलं. बरं नसलं तर सोडायचीच नाही. त्यानंतर घरात जेवण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर बाबा उभे. मागे चाचा, ईदला घालायच्या कुर्त्यात, हातात दुसरी टोपली. मला उभी बघून बाबांनी इतकंच विचारलं, "कितीला सोडली?"

मी खुराड्याकडे बोट दाखवलं. चाचांनी जाळीतून बोट आत घातलं, कबुतरीनं ते हलकेच टोचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. मग ते काकूकडे वळले.

"बाई, ही माझी अमानत हाय."

"तुमचीच हाय की. मी कुठं माझी म्हणाले? राहू द्या हितं."

"तिचं घर नांदेडात हाय."

"घर काय," काकू म्हणाली, "घराचं काय सांगता तुम्ही मला."

आणि मग तिनं भावाच्या घराचं सांगितलं. पाच-सहा वाक्यांत, उभ्याउभ्या, भांडण चालू असल्यासारखंच. चाचांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "राहू द्या. ज्वारी मोठी द्यायची न्हाई, बारकी द्या. आन पानी रोज बदला."

आता प्रश्न उरला आईचा. त्यासाठीच चाचांनी दुसरी टोपली आणली होती. तिच्यात नर होता. आईला आज तरी निरोप मिळावा म्हणून आणलेला. काकूनं याला हरकत घेतली नाही, एक पाखरू पुरे होतं. बाबांनी रजिस्टर उघडलं. मी पायाला दोरा बांधला. चाचांनी काहीतरी पुटपुटून त्याला आभाळात उडवलं.

तो झकास उडाला. घरावरून एक चक्कर, मग मोठी चक्कर, पाण्याच्या टाकीवरून, क्लासच्या पाटीवरून. बाबा मान वर करून म्हणाले, "दिशा धरतोय." मग तो हळूहळू खाली यायला लागला, अंगणावर आला आणि खुराड्याच्या छतावर उतरून जाळीतून आत बघायला लागला.

चाचा तोंडावर हात ठेवून उभे होते.

"जोडी हाय का ती?" काकूनं विचारलं.

"हाव," चाचा म्हणाले. "ती गेल्यापासून दाना खात नव्हता, म्हणून म्हटलं घरी पळत यील."

"कोणाच्या घरी?" मैत्रीण म्हणाली, आणि काकूनं तिला आत पिटाळलं.

बाबांनी मात्र नोंद केली. ते पान मी पुढं बघितलं. लातूर सुटणे बारा पंधरा. आगमन बारा बावीस, लातूर. शेरा : गाडी सुटलीच नाही.

नराला तीन वेळा पकडून, तीन वेळा उडवून झालं. तिन्ही वेळा तो खुराड्यावर. शेवटी दोघं दुपारच्या एसटीनं रिकाम्या टोपलीसह परत गेले. आईनं दारातच विचारलं, "पोरगी?" बाबा म्हणाले, "ठीक हाय." आई म्हणाली, "मग कबुतर का न्हाई आलं?" हे समजावायला बाबांना जेवण होईस्तोवर वेळ लागला आणि तरी तिला ते नीट पटलं नाही.

अशी ती जोडी लातूरला शिकायला राहिली. मादी खुराड्यात कुलपात, नर मोकळा, पण तिला सोडून जायचा नाही. रोज सकाळी क्लासहून आलो की काकू विचारायची, "बघा गं, कशी हाय?"

"खाऊन राहिली, काकू."

"मग बरं."

त्यावर काकूचा दिवस सुरू व्हायचा. एकदा युनिट टेस्टच्या आदल्या दुपारी एक बोका खुराड्यावर चढला. मादीनं पंखांनी जाळी वाजवली आणि काकूनं अंगणातून अशी हाक दिली की आम्ही सहाच्या सहा मुली वह्यांसकट रस्त्यावर. आमच्यामागं शेजारच्या घरातल्या मुली, त्यांच्यामागं त्यांच्या समोरच्या. अर्ध्या तासात सगळी गल्ली रस्त्यात बसून रसायनशास्त्र पाठ करत होती. बोका केव्हाच गेला होता. काका, म्हणजे काकूचे मिस्टर, ऐकायला कमी यायचं म्हणून शेडमध्येच झोपलेले राहिले. एवढी माणसं रस्त्यात का बसलीत असं त्यांनी उठल्यावर विचारलं, तर कुणाला धड सांगता येईना.

क्लासमध्येही ती कबुतरी मला नडली. आमचा भौतिकशास्त्राचा क्लास एका मंगल कार्यालयात भरायचा, दोनशे पोरं एका हॉलमध्ये. सरांनी एके दिवशी फळ्यावर दोन गाड्या काढल्या. समोरासमोरून येणाऱ्या. त्यांच्यामध्ये एक कबुतर, या गाडीवरून त्या गाडीकडे, तिथून परत हिच्याकडे, गाड्या भेटेपर्यंत. कबुतर एकूण किती अंतर उडालं? सगळे लिहायला लागले. माझा हात वर गेला. तोपर्यंत मी वर्गात एकदाही बोललेले नव्हते.

"सर, कबुतर असं करत नाही."

"कसं करत नाही?"

"ते परत फिरत नाही. ते घरी जातं."

सर थांबले. "कुठं आहे त्याचं घर?"

"नांदेडला, सर."

दोनशे पोरं हसली. सर हसले नाहीत. फार नेमका माणूस होता. "मग असं लिहून घ्या," ते हॉलला म्हणाले, "कबुतर अविवाहित असून त्याला घर नाही." सगळ्यांनी वहीत ते खरोखर लिहून घेतलं. दोन वर्षं मला क्लासमध्ये कबुतर म्हणायचे. सुरुवातीला मी रडले. मग हाकेला ओ द्यायला लागले, कारण त्या हॉलमध्ये इतर कुणाला नावच नव्हतं, नुसते रोल नंबर होते.

हिवाळ्यात काकूनं नरालाही खुराड्यात जागा करून दिली. दोन अंडी झाली आणि त्यातून दोन पिल्लं. कुरूप, पिवळी, नाकावर मांस आलेली. काकू त्यांच्यासाठी ज्वारी भिजवायची. मी पोस्टकार्डावर चाचांना कळवलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, बाबांच्या अक्षरात, कारण चाचांना मराठी लिहायची सवय नव्हती. "मुबारक. बारकी ज्वारी द्या." खाली बाबांनी आपल्याकडून एक ओळ घातली होती : "मादी मोकळी झाल्यास ताबडतोब वेळ नोंदवणे."

ती मोकळी व्हायची वेळ बारावीच्या वर्षी आली, दिवाळीनंतर. दुपार होती. आम्ही डबा उघडून बसलो होतो. पाण्याच्या माठावरचा तांब्या किणकिणला, ट्यूबलाइट हलली, आणि मैत्रीण म्हणाली, "मी नाही हलवलं." मग आम्ही पळालो. चार-सहा सेकंदांचा हादरा. भिंतीचा पोपडाही पडला नाही. अंगणात येऊन सगळ्या उभ्या राहिलो, कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या हातात पुस्तक. काकू पीठ भरल्या हातांनी शेडबाहेर आली. तिनं काकांना हाताला धरून बाहेर ओढलं, आम्हाला एकेक करून मोजलं, आणि मग सगळ्यांच्याच नजरा खुराड्याकडे गेल्या.

मादी पंख कोरत होती. नर ज्वारी खात होता. पिल्लं, आता चांगली मोठी झालेली, पत्र्यावर एकमेकांना टेकून डोळे मिटून बसली होती. एकानंही मान वर केली नाही.

काकू खुराड्यापाशी जाऊन वाकली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "दीड वर्ष फुकट खाल्लं की गं यांनी."

तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "सोड जा. काई कामाची न्हाईत."

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता सोडते. परत कार्ड आलं, त्यात बाबांनी सूचना क्रमांक घालून लिहिल्या होत्या. घड्याळ रेडिओशी जुळवणे. वाऱ्याची दिशा रुमालाने पाहणे. आदल्या दिवशी दाणे कमी.

रविवारी बरोबर नऊला मी खुराडं उघडलं. मादी दारात येऊन थबकली, एवढं मोठं आभाळ तिनं दीड वर्षात बघितलं नव्हतं. मग उडाली. तिच्यामागं नर. पिल्लंही उडाली, पण दोन चकरा मारून पत्र्यावर परत. ती लातूरची होती. मोठी दोघं वर वर गेली, टाकीच्याही वर, आणि एकदम ईशान्येला वळली. त्यात शोधाशोध नव्हती, रेंगाळणं नव्हतं. अहमदपूरच्या अंगाला दोन ठिपके दिसले आणि मग तेही दिसेनासे झाले. काकू शेजारी उभी होती. "रस्ता ध्यानात हाय की तिच्या," ती म्हणाली. मी रुमाल धरायला विसरले होते.

नांदेडातला भाग आईनं मला सांगितला. बाबा आणि चाचा नऊपासूनच गच्चीवर होते, वारा पाठीमागून असला तर म्हणून. दहा वाजता त्यांच्यात वाद झाला. लातूर कुठं आहे यावर. बाबांचं म्हणणं, एसटी स्टँडच्या पलीकडे. चाचांचं म्हणणं, तो रस्ता झाला, लातूर नव्हे. लातूर पाण्याच्या टाकीच्या डावीकडे. दीड वर्षापूर्वी रस्ता आणि अंतर यातला फरक बाबांनीच त्यांना शिकवला होता. बाबा खाली जाऊन नकाशा घेऊन आले. नकाशा जमिनीवर पसरला, उत्तर दिशा ठरेना, कारण होकायंत्र नव्हतं आणि सूर्यावरून काढलेली उत्तर दोघांची वेगळी आली. दोघं नकाशावर ओणवे होऊन वाद घालत होते, तेव्हा जोडी मागच्या बाजूनं आली आणि आमच्या परसातल्या बाजेवर, आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांपाशी उतरली.

आईनं त्यांना बघितलं. आधी तिनं सांडगे झाकले. मग वर हाक मारली, "आली हो तुमची."

बाबा जिना उतरून धावत आले. "कधी आली?"

"मला काय म्हाईत. भात टाकला तेव्हा नव्हती. उतरवला तेव्हा होती."

"किती वाजता टाकला?"

"आंघोळ झाल्यावर."

"आंघोळ कधी झाली?"

आई सांडगे उचलून आत गेली. चाचा तोपर्यंत मादीला हातात घेऊन गोंजारत होते, तिचं वजन वाढलंय म्हणत होते, त्यांना वेळेशी काही घेणं नव्हतं. बाबांनी मग जे केलं ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. त्यांनी आईला तेवढाच भात त्याच पातेल्यात पुन्हा टाकायला लावला आणि चुलीसमोर घड्याळ घेऊन बसले. त्या दिवशी चाचांच्या घरी, आमच्या घरी आणि पलीकडच्या घरीही भातच होता.

रजिस्टरमध्ये शेवटी त्यांनी लिहिलं : उड्डाणवेळ एक तास चाळीस मिनिटे ते दोन तास दहा मिनिटे. त्यावरून अंतर काढायचं तर आधी वेग हवा होता. आणि वेग काढायचा तर आधी अंतर. हे संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. चाचांना जाऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "मंग नकाशावरचंच ठेवा की, बाबूसाब. काय वाईट हाय?"

इकडे लातूरला, त्यानंतरच्या आठवड्यात काकूनं आमच्या शेजारची खोली रिकामी करवून घेतली. तिथल्या दोघी मुली आमच्या खोलीत आल्या, एका खोलीत चौघी झालो, पुस्तकं खाटेखाली गेली. काकूनं त्या खोलीची भिंत स्वतः चुन्यानं पांढरी केली. आम्ही काही विचारलं नाही. मैत्रिणीनं मात्र विचारलंच.

"भीती वाटत न्हाई का आता, काकू?"

"वाटती की," काकू म्हणाली. "पण पाखरालाबी कळत न्हाई म्हंजे कुणालाच कळत न्हाई. मग पत्र्याखाली उकडून तरी कशाला मरायचं?"

पहिले काही दिवस ती दार उघडं टाकून, चपला उशाशी ठेवून झोपायची. पुढं चपला दाराशी गेल्या. परीक्षा जवळ आल्या तेव्हा दार लोटलेलं असायचं. काका मात्र आत गेले नाहीत. एवढी वर्षं शेडमध्ये राहून त्यांना तिथली सवय झाली होती, आणि पत्र्यावरच्या पिल्लांना सकाळी दाणे टाकायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. काकू खिडकीतून ओरडायची, "आत या, थंडी वाजंल." काकांना ते ऐकू यायचं नाही, किंवा यायचं. वाटीत ज्वारी घेऊन ते पायरीवर बसलेले असायचे, आणि आम्ही साडेपाचच्या क्लासला निघालो की हात वर करायचे.